बांधावरची तीन शिंगांची चुंच: ओळखायची कशी आणि शोधायची कुठे

प्रश्न थोडक्यात असा: वाशीमकडे सोयाबीनच्या बांधावर, पोळ्यानंतरच्या दिवसांत, गुडघ्याएवढे एक रोप दिसले. पाने दातेरी, पानाच्या बुडाशी दोन लालसर धागे, फूल पिवळे आणि हरभऱ्याच्या डाळीएवढे, बोटाच्या पेराएवढी उभी शेंग आणि तिच्या टोकाला तीन काटे. गावात कोणी त्याला चिकणा म्हणाले, कोणी रानभेंडी, आणि मोबाइलच्या ॲपने ‘ताग’ असे नाव दिले. हे नेमके काय आहे, आणखी कुठे मिळेल आणि भाजी करून खाल्ले तर चालेल का?

ही चुंच आहे. शास्त्रीय नाव कॉर्कोरस एस्टुअन्स. ॲप पूर्ण चुकलेले नाही, कारण ही तागाच्याच प्रजातीतली (जीनस) रानटी जाती (स्पीशीज) आहे. पोती ज्यापासून होतात तो ताग मात्र ही नव्हे. जुन्या वनस्पतिकोशांत हिचे नाव कॉर्कोरस ॲक्युटँग्युलस असे सापडते, म्हणजे धारदार कोनांची. ते नाव आता मागे पडले असले तरी झाडाला चपखल बसणारे आहे, कारण ओळखीची सगळी किल्ली या कोनांत आणि तुम्हाला दिसलेल्या तीन काट्यांत आहे. जुन्या कोशांत कूळ टिलिएसी दिलेले असते. आता ते कूळ माल्व्हेसी, म्हणजे भेंडी, अंबाडी, जास्वंद, कापूस यांच्या कुळात सामावून घेतले आहे. दोन पुस्तकांत दोन कुळे दिसली तर गोंधळू नका.

चुंचेच्या ओळखीत दोन पायऱ्या असतात आणि त्या वेगळ्या ठेवाव्या लागतात. पानावरून प्रजाती कळते. जाती कळते ती फळावरून. नुसते पान पाहून ‘हीच ती’ असे ठासून सांगणारा माणूस चुकण्याची शक्यता फार असते, मग तो कितीही अनुभवी असो.

आधी पान. चांगले वाढलेले एक पान तोडून उलटे करा. लांबी साधारण 2 ते 8 सेंटिमीटर, आकार अंडाकृती, कडा करवतीसारखी दातेरी, आणि बुडापासून तीन ठळक शिरा फुटलेल्या. आता पाते जिथे देठाला मिळते तिथे पाहा. दोन्ही बाजूंचा सर्वांत खालचा दात इतरांसारखा आखूड राहत नाही. तो वाढून केसासारखी बारीक शेपटी होतो, काही मिलिमीटर लांब, पुष्कळदा लालसर, आणि देठाच्या दिशेने मागे वळलेली. या दोन शेपट्या म्हणजे तागाच्या प्रजातीची सही. बांधावरच्या दुसऱ्या कुठल्याही नेहमीच्या तणाला त्या नसतात. पण एकाच पानावर विसंबू नका. अळीने खाल्लेल्या किंवा जून झालेल्या पानाची शेपटी गळून गेलेली असते, अगदी वरच्या चिमुकल्या पानांत ती नीट दिसत नाही. एका रोपाची मधली चार-पाच पाने तपासली की खात्री होते.

भिंग असेल तर खोडावरची आणि देठावरची लव पाहा. दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग पुरते. आपल्याकडच्या चुंचेचे केस साधे, एकेकटे असतात. चिकणा आणि झिंजरडी यांच्या अंगावर एकाच बिंदूतून चार-सहा फाटे फुटलेले चांदणीसारखे केस असतात. हा फरक एकदा डोळ्यांत बसला की फुले-फळे नसतानाही निम्मा गोंधळ मिटतो.

फुलाची जागाही पाहण्यासारखी आहे. बहुतेक झाडांत फूल पानाच्या बगलेत येते. चुंचेत ते पानाच्या समोरच्या बाजूने, खोडातून सरळ फुटल्यासारखे येते. एका जागी एक ते तीन फुले, देठ इतका आखूड की फूल खोडाला चिकटलेच आहे असे वाटावे. पाच हिरवी निदले, पाच पिवळ्या पाकळ्या, पाकळी जेमतेम 4 मिलिमीटर, आणि मध्ये पुष्कळ सुटे पुंकेसर. ‘सुटे’ हा शब्द महत्त्वाचा आहे. चिकण्याच्या किंवा भेंडीच्या फुलात पुंकेसर एकमेकांना जुळून मधोमध नळी तयार होते. चुंचेत तशी नळी नसते. फुले सकाळी पाहावीत. दुपारच्या उन्हात ती मिटलेली सापडतात आणि मग पाकळ्या मोजता येत नाहीत.

आता फळ. तुम्ही त्याला शेंग म्हटले आहे, बोलताना सगळेच म्हणतात, पण ते बोंड आहे. तुरीची किंवा मुगाची शेंग दोन शिवणींवर उलगडते आणि आत एकच पोकळी असते. चुंचेचे बोंड तीन पाकळ्यांत फुटते आणि आत तीन कप्पे असतात. कॉर्कोरस एस्टुअन्सचे बोंड दीड ते तीन सेंटिमीटर लांब, ताठ आणि खोडाशी जवळजवळ समांतर उभे असते. ते बोटांत धरून फिरवले की कोन लागतात: एकूण सहा, त्यांतल्या तीन कोनांना पातळ पंखासारखी धार. ब्लेडने मधोमध आडवे कापले की हे अगदी स्पष्ट दिसते. कापलेल्या तोंडावर तीन कप्पे, बाहेर तीन पंख, आणि कप्प्यात काळपट, बारीक, कोनदार बिया. टोकाला तीन शिंगे बाहेर वाकलेली असतात आणि बऱ्याचदा प्रत्येक शिंगाचे टोक पुन्हा दुभंगलेले असते. तुमच्या वर्णनातले तीन काटे ते हेच.

इथे एक चूक हमखास होते. बोंड कोवळे असताना शिंगे एकमेकांना चिकटून उभी असतात आणि एकच चोच असल्यासारखे दिसते. त्यावरून दुसरीच जाती ठरवली जाते. म्हणून फुलाच्या लगेच खालचे कोवळे बोंड न घेता खोडावर आणखी खाली उतरा, जिथे बोंडे पिकून तपकिरी होत आली आहेत. खाली पिकलेली, वर फुललेली, शेंड्याला कळ्या, अशी सगळी अवस्था एकाच रोपावर मिळते ही सोय आहे, तिचा उपयोग करून घ्यावा.

उंचीवरून काही ठरवू नका. ही प्रजाती दिवसाच्या लांबीवर चालते. दिवस लहान होऊ लागले की फुलोरा धरते. जूनमध्ये उगवलेले रोप कंबरेपर्यंत जाते आणि सप्टेंबरच्या पावसात उगवलेले रोप वीतभर असतानाच फुलते-फळते. दोन्ही शेजारी उभी असली की दोन वेगळ्या वनस्पती वाटतात. बोंड कापून पाहिले की एकच निघते.

महाराष्ट्रात चुंच या एका नावाखाली निदान चार जाती वावरतात, त्यामुळे बाकीच्याही सांगतो.

मोठी चुंच म्हणजे कॉर्कोरस ऑलिटोरियस. बाजारात ‘तोसा’ नावाने ओळखला जाणारा ताग याच जातीचा. शेतातली लागवड तीन-साडेतीन मीटर उंच जाते, रानात उगवलेली सहसा त्याच्या निम्मीही नसते. खोड बहुधा गुळगुळीत, पानाला शेपट्या ठळक. बोंड तीन ते आठ सेंटिमीटर, गोल नळीसारखे, त्यावर उभे दहा कंगोरे, आत बहुधा पाच कप्पे, आणि टोकाला एकच, न फाटलेली चोच. चिरले तर बियांच्या मध्ये आडवे पडदे दिसतात. बी करडे-हिरवट.

कडू चुंच म्हणजे कॉर्कोरस ट्रायलॉक्युलॅरिस. पान अरुंद आणि लांबट. बोंड ऑलिटोरियससारखे लांब, पण बारीक, किंचित वाकलेले, तीन किंवा चार कोनी, हाताला खरबरीत. चोच एकच आणि सरळ. ऑलिटोरियसशी गफलत इथेच होते, कारण लांब बोंड आणि एक चोच दोघींनाही आहे. आडवा छेद घ्या: पाच कप्पे असतील तर मोठी चुंच, तीन किंवा चार असतील तर कडू चुंच. खरबरीतपणाही मदत करतो, बोंडावरून बोट फिरवले की लगेच कळतो. विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत कपाशी-तुरीच्या तासांतून ही पुष्कळ असते, तेव्हा तुमच्याच शिवारात दोन्ही सापडल्या तर नवल मानू नका.

कॉर्कोरस ट्रायडेन्स हलक्या, वाळूसर जमिनीत मिळते. तिच्याही टोकाला तीन छोटे फाटे असतात, त्यामुळे तुमच्या रोपाशी तुलना करायचीच झाली तर हिच्याशी करावी. फरक पंखांचा. ट्रायडेन्सचे बोंड सडपातळ, गोलसर, पंखाशिवाय. एस्टुअन्सचे जाड, कोनदार, पंखांचे. शिंगे मोजली आणि पंख पाहिले नाहीत तर हमखास घोटाळा होतो.

कॉर्कोरस फॅसिक्युलॅरिस कोरड्या माळावर, पडीक काळ्या जमिनीत पसरते. पाने लहान, लांबट, आणि शेपट्या सहसा नसतात, म्हणून सुरुवातीला सांगितलेली सही हिला लागू पडत नाही. तिची खूण म्हणजे बोंडांचे झुपके. दीड सेंटिमीटरपेक्षा सहसा लहान अशी दोन ते पाच बोंडे एका ठिकाणी गर्दी करून बसलेली असतात. पुंकेसरही मोजके, पाच ते दहा.

पांढरा ताग, कॉर्कोरस कॅप्सुलॅरिस, हा बंगाल-आसामकडचा लागवडीचा. आपल्याकडे क्वचित, तोही ओलसर भागात. फळ पाहिले की प्रश्नच उरत नाही: गोल, सुरकुतलेले, वर चपटे, चोच नाही, साधारण एक ते दीड सेंटिमीटर. बी चॉकलेटी. आणि कच्छ-सौराष्ट्र-राजस्थानच्या रेताड भागात जमिनीला चिकटून चटईसारखी पसरणारी, बुडाशी लाकडासारखी होणारी बहुवर्षायू जाती म्हणजे कॉर्कोरस डिप्रेसस. तिचे नाव बहुफळी म्हणून सांगितले जाते आणि काही ठिकाणी तेच नाव फॅसिक्युलॅरिसलाही मिळते. औषधी वनस्पतींच्या दुकानातून बहुफळी आणली तर ती नेमकी कोणती हे पुडीवरच्या नावावरून ठरवता येत नाही.

तुम्हाला सांगितलेली इतर नावेही तपासू. चिकण्याचे फूल पिवळे, पान दातेरी, जागा तीच, म्हणून गोंधळ होतो. पण चिकण्याच्या पानाला शेपट्या नाहीत, पुंकेसरांची नळी असते, आणि फळ लांब बोंड नसून निदलांत दडलेली गोल चकती असते, ती फुटून फोडी सुट्या होतात. रानभेंडीचे फूल कितीतरी मोठे, आणि मध्यभागी बहुधा गडद ठिपका. झिंजरडीचे पान वरून चुंचेसारखे भासते, पण फळ आकड्यांनी भरलेले असते आणि धोतराला चिकटते. खोकलीच्या फुलाला पाकळ्याच नसतात, त्याऐवजी दातेरी वाटीसारखी हिरवी छदे, म्हणजे फुलाखालची पानासारखी दले, असतात. मेलोकिया कॉर्कोरिफोलिया हे तर नावातच ‘तागासारख्या पानांची’ असे सांगते. तिची फुले पांढरट-गुलाबी आणि गुच्छात, शेपट्या नाहीत. पिवळ्या तिळवणीला लांब उभी शेंग असते, पण पान तीन-पाच पर्णिकांचे, अंग चिकट आणि वास उग्र. पाणलवंगेला चार पाकळ्या असतात आणि फुलाखाली आधीपासूनच लांब फळ दिसते, म्हणजे पाकळ्या फळाच्या डोक्यावर बसलेल्या. चुंचेत फळ पाकळ्यांच्या आत तयार होते.

‘ताग’ या नावाबद्दल थोडे जास्त सांगायला हवे, कारण यामुळे बियाण्याच्या दुकानातही फसगत होते. महाराष्ट्रात शेतकरी हिरवळीच्या खतासाठी जो ताग पेरतो तो बोरू किंवा सन, म्हणजे क्रोटालारिया जुन्सिया. तो हरभऱ्या-तुरीच्या कुळातला, फूल पतंगासारखे मोठे पिवळे, शेंग फुगीर आणि वाळल्यावर खुळखुळणारी. मुळांवर गाठी असतात आणि नत्र स्थिर करतात म्हणून तो गाडला जातो. कॉर्कोरसच्या मुळांवर तशा गाठी नसतात. तेव्हा बांधावरची चुंच ‘ताग’ समजून शेतात गाडली तर थोडा पालापाचोळा मिळेल, बोरूचे काम ती करणार नाही. अंबाडीचाही दोर निघतो, म्हणून काही भागांत तिलाही तागाच्या पंक्तीला बसवतात. ती जास्वंदीच्या प्रजातीतली.

चुंच हे नाव मात्र जपण्यासारखे आहे. संस्कृतात चञ्चु म्हणजे चोच, आणि याच नावाने ही भाजी ओळखली जाते. गुजरातीत छूंछ, छत्तीसगडमध्ये चेच. बोंडाच्या टोकाची चोच पाहूनच नाव पडले असावे असे मला वाटते. शेतात राबणाऱ्याने नाव ठेवताना बरोबर तोच अवयव पकडला जो आजही ओळखीला लागतो.

आता ती उगवते कुठे. पावसाळी झाड आहे. जूनच्या दमदार पावसानंतर उगवते, पोळ्याच्या सुमारास फुलू लागते, नवरात्रात बोंडांनी भरलेली असते आणि दिवाळीनंतर वाळते. कालव्याच्या कडेला किंवा ओलिताच्या पिकात डिसेंबर-जानेवारीतही हिरवी मिळते. तिला मोकळी, उकरलेली, उन्हातली जमीन लागते. म्हणून शोधायची जागा म्हणजे बांध, पिकांच्या ओळी, पायवाटेच्या कडा, शेणखताच्या ढिगाचा परिसर, रेल्वेरुळांलगतची पट्टी, बांधकामासाठी उकरून ठेवलेला प्लॉट. पुण्या-मुंबईत मातीचे ढीग पडलेल्या जागी पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात ती येते. पुढे गवत दाट झाले की मागे हटते. दाट जंगलाच्या सावलीत शोधू नका, मिळाली तर वाटेच्या कडेलाच मिळेल. कोकण-गोव्यात जांभ्याच्या मुरमाड जमिनीवर आणि भातखाचराच्या बांधावर असते, खाचरातल्या उभ्या पाण्यात नसते. पाणी साचलेल्या जागी तग धरणारा भाऊबंद म्हणजे पांढरा ताग. मोठ्या चुंचेलाही साचलेले पाणी मानवत नाही.

जातींप्रमाणे जागा बदलते. कडू चुंच भारी काळ्या जमिनीकडे झुकते, फॅसिक्युलॅरिस कोरड्या माळाकडे, मोठी चुंच नदी-ओढ्याकाठच्या गाळाच्या जमिनीकडे आणि परसबागांच्या आसपास. एस्टुअन्स जमिनीबाबत फारशी चोखंदळ नाही, म्हणून ती सर्वांत जास्त भेटते.

जगाच्या नकाशावर एस्टुअन्स सगळ्या उष्ण कटिबंधात आहे: आफ्रिका, भारत आणि आग्नेय आशिया, उत्तर ऑस्ट्रेलिया, वेस्ट इंडीज, मध्य अमेरिका. मोठी चुंच भाजी म्हणून जिथे तिथे पोचली आहे. इजिप्तमध्ये मुलुखिया, नायजेरियाच्या योरुबा लोकांत एवेदू, फिलिपिन्समध्ये सलुयोत, जपानमध्ये मोरोहेया, बंगालमध्ये पाट शाक. आखातात किंवा अमेरिकेत राहणाऱ्यांनी अरबी दुकानात मुलुखिया मागावी, मोठ्या चुंचेची पाने ताजी, वाळलेली किंवा गोठवलेली मिळतात.

खाण्याबद्दल. कोवळी पाने आणि शेंडे खाल्ले जातात, मोठ्या चुंचेचे सर्वाधिक, एस्टुअन्सचेही. कडू चुंच नावाप्रमाणेच कडवट. फुलोरा यायच्या आधी वरचे दहा-बारा सेंटिमीटर खुडा. नखाने सहज तुटेल तेवढेच घ्यायचे, कारण या झाडाच्या सालीत दोरखंडाचे धागे असतात आणि जून देठ शिजवूनही चावत नाहीत. पाने बुळबुळीत असतात. पाण्यात उकळली तर भेंडीसारखी तार सुटते. ज्यांना ती नको त्यांनी पाने धुऊन, पूर्ण निथळवून मगच चिरावीत, आणि झाकण न ठेवता मोठ्या आचेवर परतावीत. पाव किलो पाल्याला अर्धा तास भिजवलेली दोन मोठे चमचे मूगडाळ, सहा-सात लसूणपाकळ्या आणि दोन-तीन हिरव्या मिरच्या पुरतात. मीठ अगदी शेवटी आणि कमी घाला, पाला शिजून मूठभरच उरतो. दाट वरणच हवे असेल तर उलट करा: डाळीत चिरलेला पाला घालून घोटा, तो बुळबुळीतपणाच दाटपणा देतो.

बिया आणि पिकत आलेली बोंडे मात्र खायची नाहीत. या प्रजातीच्या बियांत हृदयावर परिणाम करणारी ग्लायकोसाइड द्रव्ये असतात, स्ट्रोफँथिडिनच्या जातीची. बी कडू लागते ते त्यामुळेच. धान्यात किंवा पेंडीत मिसळून हे बी जनावरांच्या पोटात गेले तर विषबाधा होते. सोयाबीन किंवा मूग मळताना चुंचेची वाळलेली बोंडे त्यात गेली असतील तर चाळणी-वारवणीत बी वेगळे काढा. ते मिलिमीटरभराचे असते, बारीक चाळणीतून खाली पडते. ते पडलेले चाळण कोंबड्यांना किंवा गोठ्यात टाकू नका. हृदयविकाराची औषधे चालू असणाऱ्यांनी ‘औषधी बी’ म्हणून हे कोणी दिले तर घेऊ नये.

भाजी खुडण्याआधी त्या बांधावर काय फवारले आहे याची चौकशी करा. सोयाबीनमध्ये तणनाशक मारलेले असते आणि बांधावरचे झाड मरत नसले तरी त्याच्यावर फवारा उडालेला असू शकतो. पाने आकसलेली, पिवळ्या शिरांची किंवा शेंडा वाकडा दिसला तर त्या पट्ट्यातले काहीच घेऊ नका. मोठ्या रस्त्याच्या कडेचा पालाही सोडा.

परसात लावायची असेल तर पिकून तपकिरी झालेली, पण अजून न फुटलेली बोंडे कागदाच्या पिशवीत काढा. आपोआप फुटून बी पिशवीत गळते. हे बी तसेच पेरले तर थोडेच उगवते, कारण कवच कठीण असते आणि पाणी आत शिरत नाही. पातळ फडक्यात बी बांधून उकळी येऊ घातलेल्या पाण्यात पाच ते दहा सेकंद बुडवा आणि लगेच थंड पाण्यात टाका. जास्त वेळ ठेवले तर बी शिजते. मग वाळूत मिसळून अगदी उथळ, अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा खोल नाही, अशा बेताने पेरा. या कठीण कवचामुळेच शेतातली चुंच एका निंदणीत संपत नाही. काही बी या वर्षी, काही पुढच्या, असे थोडे थोडे उगवत राहते. शेतात नको असेल तर बोंडे धरण्याआधी उपटणे एवढाच उपाय खरा. बोंडे धरल्यावर उपटून बांधावर टाकलेले रोप तिथेच बी पाडते.

नाव पक्के करून ठेवायचे असेल किंवा कोणाला दाखवायचे असेल तर नमुना असा घ्या. अख्खे रोप मुळासकट, कळी-फूल-पिकलेले बोंड तिन्ही असलेले. वर्तमानपत्राच्या घडीत पसरा, एक-दोन पाने मुद्दाम उलटी ठेवा म्हणजे शेपट्या आणि शिरा दिसतील. वर वजन ठेवा आणि पहिले तीन-चार दिवस रोज कागद बदला, पावसाळी हवेत नाहीतर पाने काळी पडून बुरशी धरते. बोंडे दाबात फुटतात, म्हणून चार-पाच सुटी बोंडे वेगळ्या कागदी पुडीत घालून नमुन्याला जोडा. चिठ्ठीवर तारीख, गाव-तालुका, जमीन कशी, पीक कोणते, उंची किती, फुलाचा रंग आणि गावातले नाव लिहा. फुलाचा पिवळा रंग वाळल्यावर फिकटतो, तो चिठ्ठीवरच टिकतो. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र आहे, तिथल्या नमुनासंग्रहात अशा नमुन्यांची तुलना करता येते.

फोटोच पाठवायचा असेल तर चार पुरेत: पानाच्या बुडाचा उलट्या बाजूने, फुलाचा सकाळी, पिकलेल्या बोंडाच्या टोकाचा नाणे किंवा पट्टी शेजारी ठेवून, आणि बोंडाच्या आडव्या छेदाचा. छेदाचा फोटो सहसा कोणी काढत नाही आणि शंका बहुतेक वेळा तिथेच अडते. नवरात्रात त्याच बांधावर पुन्हा एक फेरी मारा. तोपर्यंत तीन शिंगे पुरती उलगडलेली असतील. शेजारी लांब, खरबरीत, एका चोचीची बोंडे असलेले रोप दिसले तर ते वेगळ्या पुडीत ठेवा, ती कडू चुंच असण्याची दाट शक्यता आहे. एका पुडीत दोघींचे बी मिसळले तर नंतर ते वेगळे करणे जमत नाही.